दस्तगीरचा अर्धा चेहरा

रविवारी दुपारची नमाज झाली की दस्तगीर मणेर मशिदीच्या पायरीवर बसून चपला घालायचा, डोक्यावरची टोपी काढून तिची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवायचा आणि कुसगावच्या गावठाणातून खाली बंगल्यांच्या बाजूला चालू लागायचा. टोपी घालून पत्त्यांना बसायचं नाही, एवढं एक त्यानं स्वतःशी ठरवलं होतं. गुन्हा तर गुन्हा, पण त्यात टोपीला कशाला ओढा? अमिनाला, त्याच्या बायकोला, हे पटत नसे. "टोपी खिशात घातली म्हंजी अल्ला आंधळा झाला व्हय?" ती विचारायची. तो खिशातली टोपी आणखी खाली सरकवायचा.

धंदा बांगड्यांचा. बापाचा तोच, आजाचा तोच. लोकलनं बेगडेवाडीला उतरायचं, तिथून सुदुंबऱ्याच्या बाजूच्या लग्नघरांत चुडा भरायला जायचं, श्रावणात कुसगाव आणि आसपासच्या वाड्या पायी करायच्या, एरवी घराला लागून असलेल्या दुकानात बसायचं, असं त्याचं आयुष्य गेलं. मणेर, म्हणजे बांगड्या भरणारा माणूस, बाईच्या तोंडाकडे बघत नाही. ते बरं दिसत नाही. तो हात बघतो. अंगठ्याच्या मुळाशी दाबून हात लहान करायचा असतो, आणि बाईनं तो सैल सोडला तरच लहान होतो. जी घाबरली आहे, जी चिडली आहे, जिच्या मनात घरचं काही सलतं आहे, तिचा हात आखडतो आणि काच फुटते. भरताना फुटली तर तोटा मणेराचा, हा रिवाज. म्हणून मणेराची पोरं आधी समोरच्याचा हात ओळखायला शिकतात, मग बांगडी चढवायला.

पत्त्यांच्या टेबलापाशी तो आला तोही बांगड्यांची पेटी घेऊनच. कैलास नावाचा गावातलाच गडी आधी एका बंगल्याचा राखणदार होता, मग तोच बंगला त्यानं चालवायला घेतला. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची मंडळी यायची. एकदा कुणाच्या तरी हळदीला कैलासनं दस्तगीरला बोलावलं. बायकांचं भरून झालं, तो पेटी आवरत होता. मागच्या पडवीत पुरुष मंडळी हिरव्या कापडाच्या टेबलाभोवती बसली होती. एकाला दारू जास्त झाली आणि तो उठून गेला. खुर्ची रिकामी राहिली.

"चाचा, पत्ते येतात का?" कुणीतरी विचारलं.

"तीन पत्ती येती. लग्नाकार्यात बसतो कवा कवा."

"हे पोकर. दोन पत्ते तुमच्या हातात, पाच मधे सगळ्यांचे. सातांतून पाच चांगले जुळवायचे, आणि जुळले असं वाटलं की ह्या चकत्या, चिप्स, म्हणजे पैसेच, पुढे सरकवायच्या. नाही वाटलं तर पत्ते टाकायचे. बसा, शिकवतो."

गंमत म्हणून बसवलं होतं. माकडाला सायकलवर बसवतात तसं. पण त्या दुपारी एक गोष्ट घडली ती बसवणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही, दस्तगीरच्या आली. त्यानं चिप्स पुढे सरकवल्या की समोरचे पत्ते टाकत होते. "चाचा उगाच नाही लावणार," एक म्हणाला. "चाचांकडे असणारच," दुसरा म्हणाला. पांढरा सदरा, लेंगा, मेंदी लावलेली दाढी, कपाळावर नमाजाचा डाग. ती माणसं त्याच्या पत्त्यांशी खेळतच नव्हती. त्याच्या दाढीशी खेळत होती.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यानं हातात काही नसताना चिप्स सरकवून पाहिल्या. दोघांनी मान हलवली, पत्ते टाकले. ह्याला ब्लफ म्हणतात हे त्याला पुढं कळलं. घरी जाताना त्याला आपल्याच दाढीची भीती वाटली.

हळूहळू त्याला ते टेबल कळत गेलं. डोक्यावरून टोपडं ओढून काळा चष्मा लावून बसणाऱ्या पोराला सगळे खोटारडा समजायचे. त्याच्याकडे खरे एक्के आले तरी कुणी मानायचं नाही आणि त्याचंच भलं व्हायचं. लाल नखांची एक बाई यायची, तिला पुरुष मंडळी पत्ते समजावून सांगायची, आणि ती शांतपणे सगळ्यांच्या चिप्स ओढून न्यायची. हातात जड घड्याळ घालणारा एक डॉक्टर हरला तरी श्रीमंतच दिसायचा, म्हणून त्याला कुणी घाबरवू शकत नव्हतं. जो तो आपलं तोंड घेऊन बसायचा आणि बाकीचे त्या तोंडाला उत्तर द्यायचे. दस्तगीरला ते हाजी म्हणायचे. तो कधी हजला गेला नव्हता. त्यानं सांगितलं नाही. तोही ब्लफच होता, आणि तो पत्ते न उचलता केलेला.

त्याच्या त्या दाढीला न भुलणारा एकच माणूस निघाला. सुहास नाव. तळेगावच्या एका कंपनीतून निवृत्त झालेला, लोणावळ्यात एकटाच राहणारा, गुडघ्यांनी अधू, बारीक आवाजाचा. पहिल्यांदा समोर बसला तेव्हा दस्तगीरनं नेहमीप्रमाणं एक मोठा ढीग पुढं लोटला. बाकीच्यांनी पत्ते टाकले. सुहासनं आपल्या चिप्स मोजून पुढं ठेवल्या.

"दाखवा, दस्तगीरभाई."

दाखवण्यासारखं काही नव्हतं. सत्ती आणि तिर्री. टेबलावर एकदम हलकल्लोळ झाला. "हाजी! तुम्हीसुद्धा?" सुहास मात्र हसलाही नाही. चिप्स ओढून घेत म्हणाला, "दाढी खरीच आहे तुमची. पण तिनं पत्ते बघितलेले नसतात."

त्या दिवशी दस्तगीर एकटाच हसत घरी गेला. कुसगावात त्याला ओळखणारी सारी माणसं होती. पकडणारा हा पहिलाच भेटला.

पुढं किती वर्षं ते दोघं एकमेकांसमोर बसले. सुहास त्याला पकडायचा, कधी चुकायचा, कधी तो सुहासला पकडायचा. सुहासला ठाऊक नसलेली एक गोष्ट दस्तगीरला ठाऊक होती. सुहासकडे चांगले पत्ते आले की त्याची बोटं सैल पडायची, विश्वासानं हात पुढं करणाऱ्या बाईसारखी. खोटं खेळताना मात्र त्याचा अंगठा पत्त्याच्या कडेवर इतका दाबला जायचा की नख पांढरं व्हायचं. दस्तगीरनं हे कुणाला सांगितलं नाही. दर वेळी त्याचा फायदाही उठवला नाही. आठवड्यातून एकदाच भेटणाऱ्या माणसाला ते बरं नव्हे असं त्याला वाटायचं. दोघांनी एकमेकांना घर, मुलं, दुखणी, काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. समोरासमोर बसणं एवढंच त्यांचं नातं, आणि त्यात कुणी कुणाला काही सोडायचं नाही.

गेल्या श्रावणात, नागपंचमी तोंडावर आलेली, बायकांची ये-जा वाढलेली, एका सकाळी अमिनानं दिलेला चहा दस्तगीरच्या ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला.

"अवो, नीट प्या की," अमिना म्हणाली. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "तन्वीर! अरं तन्वीर, हिकडं ये. तुज्या अब्बाचं त्वांड बघ."

डावी बाजू गळून पडली होती. भुवई उचलत नव्हती, डोळा मिटत नव्हता, ओठ एकीकडं ओढला गेला होता. गावात म्हणाले, वारं गेलं तोंडावरून. तन्वीरनं, मुलानं, तळेगावला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, मेंदूला काही झालेलं नाही, तोंडाची नस सुजली आहे. बहुतेकांचं परत येतं. फुगे फुगवा, आरशासमोर बसून गाल हलवा. दस्तगीरनं लहान पोरासारखे फुगे फुगवले. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. बहुतेकांचं येतं ते दस्तगीरचं आलं नाही. डावा डोळा तेवढा सदा वाहत राहिला. रात्री त्यावर पट्टी चिकटवून झोपावं लागायचं.

हात शाबूत होते. डोकं शाबूत होतं. पण हे आता त्याला सांगावं लागत होतं, आणि प-ब-म ही अक्षरं ओठांतून फुसकन निसटत असल्यामुळं सांगितलेलं कुणाला पटत नव्हतं. माणसं त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागली. "दस्तगीरभाऊ! जेवला का?" कानांना काय झालं होतं? त्याच्याबद्दलचं त्याच्यासमोर अमिनाला विचारायला लागली. "खातात का नीट? ओळखत्यात का मानसं?"

दुकानात एक नवरी मुलगी चुडा भरायला आली. तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचा हात लाकूड झाला. पहिली बांगडी फुटली. दुसरीही फुटली. मुलीची आई शुभाशुभाचं काही बोलली नाही, समजूतदार होती, फक्त म्हणाली, "भाभी, तुमीच भरा. भाऊंना कशाला तरास." अमिनानं खाली मान घालून चुडा भरला.

शेजारच्या अंबूबाईंना हे कळलं तेव्हा त्या काठी टेकत आल्या. "त्याचं त्वांड वाकडं झालंय, हात न्हाई," त्या चारचौघींत म्हणाल्या आणि आपला सुरकुतलेला हात त्याच्यासमोर धरला. "भर, दस्तगीर. हिरव्या भर." त्यानं भरल्या. एकही फुटली नाही. पण अंबूबाईंचा हात फार सैल होता. लहान पोराच्या हाती आपण आपलं बोट देतो ना, ते ओढलं तरी ओढू देतो, तसा. तो त्यांना दारापर्यंत पोचवायला गेला आणि परत येऊन त्यानं पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर दुकानात अमिना बसायला लागली.

मग एका रविवारी नमाजहून घरी येऊन त्यानं धुतलेला सदरा घातला.

"कुटं निघाला?" अमिनानं विचारलं.

"खाली. कैलासकडं."

"ह्या तोंडानं?" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"तितं त्वांडच लागतं," तो म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, पण अर्ध्या तोंडानं केलेला विनोद अमिनाला कळला नाही. तिनं रुमाल आणून त्याच्या डोळ्याखालचं पाणी टिपलं.

उतारावरून जाताना त्याच्या मनात जिंकायचं नव्हतं. चिप्स कुणाकडं गेल्या तरी त्याला त्या दिवशी चालणार होतं. त्याला फक्त कुणीतरी समोर बसायला हवं होतं, पूर्वीसारखं, त्याला हरवायच्या इराद्यानं. कुणीतरी म्हणजे सुहास. त्यानं एकदा म्हणावं, दाखवा दस्तगीरभाई, आणि पकडावं. म्हणजे तोंडाचं जे व्हायचं ते होऊ दे, आत दस्तगीर आहे एवढं तरी कुणाला कळलं असं होणार होतं.

तो पडवीत शिरला तसे सगळे उभे राहिले. त्या टेबलाला कुणी कुणासाठी उभं राहत नाही. कैलासनं धावत जाऊन खुर्चीवर उशी ठेवली. चहा आला तो पेल्यातून, आणि त्यात प्लास्टिकची नळी घातलेली.

"ह्ये काय?"

"ओढायला बरं पडतं, चाचा," कैलास म्हणाला. तो मनापासून म्हणत होता, हीच अडचण होती.

वाकडहून येणारा आकाश नावाचा पोरगा शेजारी होता. उलटी टोपी, काळा चष्मा. त्यानं वाकून, शब्द सुटे सुटे करून सांगितलं, "चाचा, हे, इस्पिक. हे, किल्वर. कळलं?"

"तू शाळंत हुतास तवापासनं बसतोय हितं," दस्तगीर म्हणाला. आकाशला काही समजलं नसावं. तो प्रेमानं हसला.

खेळ सुरू झाला. दस्तगीरनं चिप्स पुढं केल्या, समोरच्यानं पत्ते टाकले. परत केल्या, परत टाकले. पूर्वीही टाकायचे, पण तेव्हा कपाळाला आठी घालून, चरफडत, दाढीला मनात शिव्या देत टाकायचे. आता ते पटकन टाकत होते, हसून, बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यावी तसे. "तुमचं, चाचा. घ्या." तिसऱ्या डावाला त्यानं आपले पत्ते उचलून बघितलेच नाहीत, सगळ्यांना दिसेल असे पालथे ठेवले आणि तसाच ढीग लोटला. आंधळ्या पत्त्यांवर कुणीही तुटून पडतं. इथं एकेकानं मान डोलावली आणि पत्ते टाकले. त्याच्यापुढं चिप्सचा ढीग वाढत गेला. त्याला तो वाढलेल्या ताटासारखा दिसायला लागला.

तोंडावर काही दिसू नये म्हणून पोरं काळे चष्मे लावतात, टोपड्यात तोंड लपवतात. त्याला तसला अर्धा चेहरा फुकटात मिळाला होता. त्यावरून कुणाला काही ओळखता येणं शक्य नव्हतं. आणि कुणी ओळखायला बघतच नव्हतं.

तो सुहासची वाट बघत राहिला. सुहास समोरच होता, पण पहिल्यापासून मान खाली घालून बसलेला, त्यानं अजून दस्तगीरशी एकही डाव खेळला नव्हता.

मग तो डाव आला. सुहासनं आधीच चिप्स वाढवून लावल्या, बाकीच्यांनी पत्ते टाकले, दस्तगीर तेवढा राहिला. टेबलावर एकेक करून पत्ते उघडले गेले. राजा, नव्वी, दुर्री. मग आणखी एक नव्वी. शेवटी राणी. दस्तगीरच्या हातात सत्ती आणि चौकी होती, म्हणजे काहीच नव्हतं. त्यानं सुहासच्या हाताकडं पाहिलं. बोटं सैल होती. इतकी सैल त्यानं फार क्वचित पाहिली होती. तिथं नक्की मोठं काहीतरी होतं.

त्याच्या छातीत आनंद उसळला. त्यानं होता नव्हता तो सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढं लोटला. आता पकडा, सुहासभाऊ. आता म्हणा.

सुहासनं आपल्या चिप्स एकदा मोजल्या. दस्तगीरचा डावा डोळा वाहत होता; पाणी दाढीत उतरलं, त्यानं पुसलं नाही, पुसलं तर लक्ष दुसरीकडं जाईल म्हणून. सुहासनं मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग आपले दोन पत्ते पालथेच मधल्या ढिगाकडं सरकवले.

"नाही," तो म्हणाला. "तुमचं आहे."

कैलासच्या टेबलावर एकच नियम होता. टाकलेला पत्ता मेला. मेलेल्याचं तोंड उघडून बघायचं नाही. एका मोठ्या बिल्डरनं हे केलं होतं तेव्हा कैलासनं, पोटावर पाय आला तरी, त्याला उठवून फाटकाबाहेर काढलं होतं. दस्तगीरला तो दिवस आठवत होता. त्यानं हात लांब केला, सुहासचे ते दोन पत्ते ओढले आणि उलटे केले.

दोन राजे. टेबलावरचा तिसरा, आणि दोन नव्व्या. चार नव्व्या सोडल्या तर त्या डावात ह्याला मारणारं काही नव्हतं. असे पत्ते कुणी टाकत नाही. वेडासुद्धा टाकत नाही.

बाहेर द्रुतगती मार्गावरून ट्रक घाट उतरायला चालले होते, त्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

"कैलास," दस्तगीर म्हणाला. "मला उठीव."

"जाऊ द्या, चाचा."

"नियम हाय तुजा. मी मेलेला पत्ता उलटला. उठीव मला."

"तुमच्या ध्यानात न्हाई आलं, चाचा. होतं असं."

"माज्या ध्यानात हाय! समदं ध्यानात हाय!" तो ओरडला. ओठांतून हवा गेली, थुंकी उडाली. आकाशनं चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चाचा, टेन्शन नाही घ्यायचं. काही नाही झालं."

"बरं, हाय ध्यानात," कैलास म्हणाला. "हाय, हाय. बसा तुमी. पानी देऊ का?"

त्या बिल्डरला काढताना कैलासच्या आवाजात जो राग होता, तो दस्तगीरला त्या क्षणी जगातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटली. तो त्याला कुणी देणार नव्हतं. तो स्वतःच उठला. ढीग तिथंच राहू दिला. खुर्ची मागं सारताना उशी खाली पडली, ती उचलायला दोघं वाकले.

फाटकाबाहेर रस्त्याला लागल्यावर मागून काठीचा आवाज आला. सुहास गुडघे दाबत येत होता. दस्तगीर थांबला.

"का टाकलं?" त्यानं विचारलं.

सुहासला दम लागला होता. "तुम्ही रडत होता, दस्तगीरभाई."

"ते डोळ्याचं पानी हाय. माजं न्हाई."

"मला कसं कळणार?"

"आजवर कसं कळत हुतं?"

सुहास काठीकडं बघत राहिला. "आजवर मी तुमच्या तोंडाकडे बघतच नव्हतो. गरज पडत नव्हती. आज बघितलं." मग म्हणाला, "माझ्या बायकोचं शेवटी असंच झालं होतं. अर्धं तोंड. वर्षभर भरवत होतो मी तिला."

सुहासला बायको होती हे दस्तगीरला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि त्याच वेळी हेही कळलं की समोर बसणारा तो माणूस आता गेला. त्याच्या जागी हा दुसरा कुणी उभा होता, चांगला, दुखावलेला, भरवायची सवय असलेला.

"मला भरवू नका, सुहासभाऊ," तो म्हणाला आणि चढाला लागला.

पुढच्या रविवारी तो खाली गेला नाही. दुपारी दारात रिक्षा थांबली. सुहास उतरला, पायऱ्या चढायला त्याला फार त्रास झाला, आणि ओट्यावर बसून त्यानं पिशवीतून पत्त्यांचा नवा कॅट आणि चिप्सचा डबा काढला.

"दोघंच खेळू," तो म्हणाला. "आणि मी सोडणार नाही. शब्द आहे."

अमिना हरखली. पत्ते घरात आल्याचं तिनं काही मनावर घेतलं नाही. बांगड्यांची पेटी तिनंच आडवी करून मधे ठेवली, त्यावर चादर घातली. दस्तगीरच्या आत काहीतरी परत उठून बसलं. त्यानं पत्ते पिसले, वाटले. चिप्स लोटल्या.

"दाखवा, दस्तगीरभाई!" सुहास लगेच म्हणाला.

त्यानं दाखवले. काही नव्हतं. सुहास जिंकला, मोठ्यानं हसला. दुसऱ्या डावाला परत, "दाखवा!" ह्या वेळी दस्तगीरकडं दोन एक्के होते. सुहास हरला, कपाळावर हात मारून म्हणाला, "फसवलंत!" तिसऱ्यालाही दाखवा. चौथ्यालाही. दस्तगीरला वाटलं, हा बारीक आवाजाचा माणूस आज एवढ्या मोठ्यानं का बोलतो आहे? मग त्यानं, इतका वेळ जे मुद्दाम टाळलं होतं ते केलं. सुहासच्या हाताकडं पाहिलं.

अंगठा पत्त्याच्या कडेवर दाबलेला होता. नख पांढरं पडलं होतं. चांगले पत्ते असोत, वाईट असोत, ते पांढरंच राहत होतं. सुहास पत्ते खेळतच नव्हता. हातात काय आहे, समोर काय आहे, हे न बघता तो दर वेळी दाखवा म्हणत होता, कारण घरून निघताना त्यानं तसं ठरवलं होतं. मागच्या रविवारी त्यानं टाकून दिलं होतं, ह्या रविवारी तो पकडत होता. दोन्हींत दस्तगीर नव्हता.

पत्ते खाली ठेवून हे म्हणता आलं असतं. पण सुहास रिक्षानं आला होता, त्या गुडघ्यांनी पायऱ्या चढून. त्याच्या कपाळावर घाम होता. आत अमिना चुलीपाशी उभी राहून कान देऊन ऐकत होती, चहात आलं किसायचं विसरून.

दस्तगीरनं आपले पत्ते बघितले, त्यात काही नव्हतं, आणि सगळा ढीग पुढं लोटला. एक क्षण थांबला, बोटं जराशी थरथरू दिली, चांगले पत्ते लपवणाऱ्या नवख्या माणसाची थरथरतात तशी.

"दाखवा!" सुहास म्हणाला.

त्यानं उलटले. सुहासकडं छक्कीची एक जोडी होती, तेवढी पुरली. "पकडलं!" तो ओरडला, आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरचा आनंद आला.

"लय हरामी मानूस हाय तुमी, सुहासभाऊ," दस्तगीर म्हणाला, आणि तोंडाची जी बाजू हलत होती ती त्यानं हसवली. डावी काही बोलली नाही. ती आता कुणाजवळ काही बोलणार नव्हती.

सुहासनं विश्वास ठेवला. त्याचा अंगठा त्या दुपारी पहिल्यांदा सैल झाला.

चहा झाला. पुढच्या रविवारी येतो म्हणून सुहास निघाला. "या," दस्तगीर म्हणाला. रिक्षा उतारावरून दिसेनाशी झाली तोवर तो ओट्यावर उभा राहिला. आत अमिनानं तन्वीरला फोन लावला होता.

"व्हय रं, बरे हायत," ती सांगत होती. "लय बरे हायत आज. मित्र आलता न्हवं त्यांचा. हसले की, मोठ्यानं हसले. मी सोता ऐकलं."

दस्तगीर बाहेरून ते सगळं ऐकत होता. चिप्स गोळा करून त्यानं डब्यात भरल्या, पेटीवरची चादर काढून झटकली, आणि अमिनाचं बोलणं संपेपर्यंत तो आत गेला नाही.